उपचार यशस्वी झाले, तरी रुखरुख का राहते?

प्रश्न असा आहे: "वय ६३. दीड वर्षापूर्वी प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया झाली. बायोप्सीत ग्लीसन (पेशी किती आक्रमक आहेत हे सांगणारा गुणांक) ३+४ आले होते. आता पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारे प्रथिन) तपासणीत काहीही आढळत नाही आणि डॉक्टर समाधानी आहेत. पण खोकताना, खुर्चीतून उठताना लघवी गळते, दिवसाला दोन पॅड लागतात आणि ताठरता अजिबात येत नाही. माझ्याच वयाच्या एका मित्राला त्याच सुमारास हाच आजार निघाला. तो केवळ देखरेखीखाली आहे आणि त्याला कसलाही त्रास नाही. मी घाई केली का? पत्नीजवळ हे बोलता येत नाही, कारण शस्त्रक्रियेचा आग्रह तिचाच होता."

तुम्ही कळवलेल्या माहितीवरून तुमचा निर्णय चुकला, असे मला वाटत नाही. पण एवढ्या एका वाक्याने तुमचे समाधान होणार नाही, हेही मी जाणतो. अनेक वर्षे मी याच आजाराच्या शस्त्रक्रिया करतो आहे, आणि "डॉक्टर, माझं चुकलंच" हे शब्द मी ज्यांच्या तोंडून ऐकले, त्यांतल्या बहुतेकांचा पीएसए तुमच्यासारखाच उत्तम होता. निदानानंतरचे पहिले काही महिने जीव वाचवण्याच्या धडपडीत जातात. ती धास्ती ओसरली, की शरीरात काय बदलले याचा हिशेब मन मांडू लागते. तुम्ही आता त्या टप्प्यावर आहात. जीव वाचला तरी तक्रार करतो म्हणून स्वतःला कृतघ्न समजू नका.

अमेरिकेत २०११ आणि २०१२ मध्ये निदान झालेल्या दोन हजारांहून अधिक पुरुषांना पाच वर्षांनी त्यांच्या निर्णयाविषयी विचारण्यात आले, तेव्हा एकंदर १३ टक्क्यांनी पश्चात्ताप वाटतो असे सांगितले. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण १६ टक्के, रेडिएशन घेतलेल्यांत ११ टक्के आणि सक्रिय देखरेखीखाली, म्हणजे लगेच उपचार न करता नियमित तपासण्यांवर, राहिलेल्यांत ७ टक्के होते. हे आकडे वरवर वाचले, तर देखरेखच सर्वांत शहाणपणाची, असा निष्कर्ष कोणीही काढेल. पण त्याच अभ्यासात उपचारांनंतर शरीराचे व्यवहार कसे राहिले हे लक्षात घेतल्यावर, उपचार कोणता निवडला याचा पश्चात्तापाशी स्वतंत्र संबंध उरला नाही. लैंगिक क्षमता किती घटली याचा संबंध मात्र स्पष्टपणे उरला. आणि सर्वांत ठळक संबंध होता तो अपेक्षेशी. "मला वाटले होते त्यापेक्षा दुष्परिणाम जास्त झाले" किंवा "वाटला होता तेवढा उपयोग झाला नाही" असे म्हणणाऱ्यांत पश्चात्तापाची शक्यता पाच पटींच्या आसपास होती. निर्णयात आपला सहभाग होता असे ज्यांना वाटत होते आणि ज्यांच्या पाठीशी जवळची माणसे होती, त्यांना तो कमी वाटला.

म्हणजे तुम्ही भोगत असलेला त्रास खरा आहेच, पण त्याची धार वाढवणारी गोष्ट वेगळी आहे. शस्त्रक्रियेच्या आधी जे ऐकले आणि मनाशी धरले, त्यात आणि आज अंगावर आले आहे त्यात मोठे अंतर पडले आहे. रोबोटच्या बाबतीत हे विशेषच घडते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत पोटावर छेद घेऊन शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा रोबोटच्या साहाय्याने झालेल्यांत पश्चात्ताप जास्त आढळला, आणि नव्या तंत्राकडून बाळगलेल्या वाढीव अपेक्षा हे त्याचे संभाव्य कारण अभ्यासकांनी सुचवले. रोबोटमुळे रक्तस्राव कमी होतो, माणूस लवकर घरी जातो, शल्यचिकित्सकाला बारीक भाग मोठे करून दिसतात. पण हात त्याचेच असतात आणि रुग्णाच्या शरीराची रचनाही तीच असते.

ती रचना थोडी समजून घ्या, कारण ज्याचे कारण कळते ते सोसणे थोडे सोपे जाते. प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेली असते. लघवी अडवणाऱ्या दोन व्यवस्था असतात, एक मूत्राशयाच्या मानेपाशी आणि दुसरी प्रोस्टेटच्या खाली. ग्रंथी काढताना वरची व्यवस्था बहुतांशी निकामी होते आणि सगळा भार खालच्या स्नायूवर येतो. बसल्या जागी तो पुरतो, पण खोकला, शिंक किंवा उठताना पोटात अचानक दाब वाढला, की तो अपुरा पडतो. ताठरतेच्या नसा ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना इतक्या चिकटून धावतात, की १९८२ मध्ये पॅट्रिक वॉल्श यांनी त्या वाचवून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत दाखवेपर्यंत ताठरता जाणे जवळजवळ गृहीतच धरले जात असे. आजही नसा वाचवल्या तरी शस्त्रक्रियेत त्या ताणल्या जातात, बधिर होतात आणि त्यांना सावरायला दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. तुमच्या नसा वाचवल्या होत्या का, दोन्ही बाजूंच्या की एकाच, हे शस्त्रक्रियेच्या टिपणात लिहिलेले असते. ते टिपण मागून घ्या. पुढची बरीचशी दिशा त्यावर ठरते.

आता तुमच्या मित्राविषयी. तुमच्या दोघांच्या आजाराचे नाव एक असले, तरी आजार एकच आहे असे धरून चालता येणार नाही. ग्लीसन ३+३ आणि ३+४ यांत कागदावर एका आकड्याचाच फरक दिसतो. पण पहिल्यात केवळ संथ पेशी असतात, तर दुसऱ्यात काही पेशी अधिक आक्रमक असतात. तुमच्या मित्राचा अहवाल तुम्ही पाहिलेला नाही, मीही नाही. तुम्ही स्वतःची तुलना करता आहात ती त्याच्या आजच्या तब्येतीशी, आणि त्याची गोष्ट अजून पुरी झालेली नाही.

ब्रिटनमधील 'प्रोटेक्ट' चाचणी या बाबतीत फार उपयोगी पडते. १९९९ ते २००९ या काळात निदान झालेल्या १,६४३ पुरुषांना त्यात चिठ्ठ्या टाकाव्यात त्या रीतीने देखरेख, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन अशा तीन गटांत विभागले होते. पंधरा वर्षांनंतरचे निकाल २०२३ मध्ये आले. प्रोस्टेटच्या कर्करोगाने झालेले मृत्यू तिन्ही गटांत शंभरात तीनच्या आसपासच होते. आजार शरीरात इतरत्र पसरण्याचे प्रमाण मात्र देखरेखीच्या गटात ९.४ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात ४.७ आणि रेडिएशनच्या गटात ५ टक्के होते. देखरेखीच्या गटातल्या सुमारे ६१ टक्के पुरुषांवर या पंधरा वर्षांत शेवटी शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन करावेच लागले. ताठरतेचे आकडे तर प्रत्येकाने पाहावेत असे आहेत. सुरुवातीला ६७ टक्के पुरुषांना संभोगापुरती ताठरता येत होती. सहा महिन्यांनी ती शस्त्रक्रियेच्या गटात १२ टक्क्यांना, रेडिएशनच्या गटात २२ टक्क्यांना आणि देखरेखीच्या गटात ५२ टक्क्यांना उरली. सहा वर्षांनी हेच आकडे १७, २७ आणि ३० झाले. देखरेखीखालचे पुरुषही सहा वर्षांत इथवर उतरले, कारण वय वाढत गेले आणि अनेकांनी मधल्या काळात उपचार घेतले. दीड वर्षांच्या टप्प्यावर तुम्हा दोघांत जेवढी मोठी दरी दिसते, तेवढी ती कायम राहीलच असे नाही.

तरीही एक गोष्ट तुमच्यापासून लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ३+४ मध्ये आक्रमक पेशींचा वाटा अगदी थोडा असेल, पीएसए कमी असेल आणि एमआरआयत फारसे काही नसेल, तर काही निवडक रुग्णांना देखरेखीचा पर्याय आज देता येतो. तो तुमच्यापुढे मांडला गेला होता का, हे मला माहीत नाही. मांडलाच गेला नसेल, तर तुमच्या मनातली टोचणी रास्त आहे आणि ती दाबून टाकण्याची गरज नाही. पण पर्याय उपलब्ध असणे आणि निवडलेला मार्ग चुकीचा ठरणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. त्या वेळी हाती असलेल्या माहितीवर घेतलेला निर्णय पुढे काय घडले यावरून तपासू लागलो, तर जगातला कोणताच निर्णय टिकणार नाही.

आपल्या भाषेत या भावनेला बरेच शब्द आहेत, आणि मी रुग्णांशी बोलताना ते मुद्दाम वेगवेगळे वापरतो. शरीराचे काही गेले, त्याची वाटते ती हळहळ. दुसरी वाट धरली असती तर काय झाले असते, हा विचार पाठ सोडत नाही ती रुखरुख. पश्चात्ताप म्हणायचा तर त्यात आपल्या हातून चूक घडल्याची कबुली असते. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात हळहळ पुष्कळ आहे, रुखरुख आहे, पण कबूल करावी अशी चूक मला दिसली नाही. पश्चात्ताप मोजण्यासाठी पाच विधानांची एक प्रश्नावली २००३ पासून जगभर वापरली जाते. पुन्हा वेळ आली तर मी हाच निर्णय घेईन, अशा अर्थाचे एक विधान तिच्यात आहे. माझ्यासमोर डोळे पुसत बसलेल्या कित्येकांनी या विधानापुढे थोडा वेळ थांबून "हो" असे उत्तर दिले आहे. तुम्हीही ते स्वतःला विचारून पाहा. उत्तर "नाही" आले, तरी ते तुमच्या डॉक्टरांना जरूर सांगा.

डॉक्टरांची बाजूही इथे मांडली पाहिजे, कारण ती माझी आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक गृहस्थ शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांनी आले. खुर्चीवर टेकले, हातातली पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही, आणि म्हणाले, "सुखाच्या क्षणी काही बाहेरच येत नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं." मी फाइल उघडली. संमतीपत्रावर वीर्यस्खलन बंद होईल हे वाक्य होते, त्यापुढे माझ्याच हाताने केलेली खूण होती आणि खाली त्यांची सही होती. पान त्यांच्यासमोर ठेवण्यासाठी मी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. सांगितले गेले होते हे खरे होते आणि त्यांच्यापर्यंत ते पोहोचले नव्हते हेही तितकेच खरे होते. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी, सहा पानी कागदावर, कर्करोग या शब्दाने सुन्न झालेल्या माणसाला मी ते वाचून दाखवले होते. त्या दिवसापासून मी हे विषय पहिल्या भेटीतच, कागदाशिवाय आणि साध्या शब्दांत बोलतो: स्खलन होणार नाही, पण कामतृप्तीची संवेदना बहुधा राहील, लिंगाची लांबी थोडी कमी झाल्यासारखी वाटू शकेल, त्या क्षणी लघवीचे थेंब येऊ शकतात. हे ऐकून काही जण शस्त्रक्रिया नाकारतात. आधी कळून नाकारलेले बरे. तुम्हालाही यांतले काही आजच प्रथम कळत असेल, तर तो दोष तुमच्या ऐकण्याचा नाही.

आता ज्यावर इलाज आहे त्याकडे वळू, कारण दीड वर्षांनी दोन पॅड लागणे हे निमूटपणे सोसण्याचे दुखणे नव्हे. प्रोटेक्टमध्ये शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष पॅड वापरत होते आणि सहा वर्षांनी १७ टक्के. आपोआप होणारी बहुतेक सुधारणा पहिल्या वर्षभरातच होते, म्हणून तुमच्या टप्प्यावर नुसती वाट पाहत राहण्यात अर्थ नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम तुम्ही करत असाल, पण ते बरोबर होत आहेत का, हे त्यातल्या जाणकार फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या. पोट आणि मांड्या आवळून हाच व्यायाम करत असल्याचा समज असलेले रुग्ण मी नेहमी पाहतो. उठण्याच्या आणि खोकण्याच्या आधी तो स्नायू आवळण्याची सवय लावली, तर गळती बऱ्यापैकी आटोक्यात येते. त्यानेही भागले नाही, तर मूत्रमार्गाला खालून आधार देणारी पट्टी बसवता येते आणि गळती जास्त असेल, तर कृत्रिम झडप बसवता येते. ही झडप मूत्रमार्गाभोवती कड्यासारखी बसते आणि अंडकोशाच्या पिशवीत ठेवलेला छोटा पंप दाबला, की लघवीपुरती उघडते. रेडिएशन झालेले नसल्याने हे दोन्ही मार्ग तुम्हाला मोकळे आहेत.

ताठरतेच्या बाबतीत बहुतेक पुरुष पहिल्याच पायरीवर थांबतात. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलची गोळी घेतली, उपयोग झाला नाही, आणि विषय संपला असे धरून चालले. या गोळ्यांचे काम नसांकडून संदेश येण्यावर अवलंबून असते. नसाच बधिर असतील, तर गोळी एकटी काय करणार? हृदयासाठी नायट्रेटची औषधे चालू असणाऱ्यांनी तर त्या घ्यायच्याच नसतात. पुढची पायरी आहे निर्वात पंपाची, म्हणजे हवा काढून रक्त खेचणाऱ्या उपकरणाची. त्यानंतरची पायरी लिंगाच्या बाजूला बारीक सुईने घ्यायच्या इंजेक्शनची. सुईचे नाव काढले की माणसे दचकतात, पण इंजेक्शन नसांना वगळून थेट रक्तवाहिन्यांवर काम करते, म्हणून गोळी निष्फळ ठरली तेथेही त्याचा गुण येऊ शकतो. पहिला डोस दवाखान्यात, डॉक्टरांसमोरच घ्यायचा असतो, आणि ताठरता चार तासांहून अधिक टिकली, तर तातडीने रुग्णालय गाठायचे असते. सगळे करून उपयोग झाला नाही, तर शस्त्रक्रियेने आत बसवायचे रोपण आहे. या वयात हे मागणे शोभते का, असा प्रश्न मनात येत असेल, तर माझे उत्तर ठाम "हो" असे आहे.

पत्नीशी न बोलणे ही माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत जड बाब आहे. अशी जोडपी मी बरीच पाहिली आहेत. नवरा गप्प राहतो, कारण बोललो तर तिला दोष दिल्यासारखे होईल. त्या गप्प राहण्याचाच अर्थ ती दोष असा घेते. तो रात्री पॅडच्या लाजेने दूर झोपतो आणि तिला वाटते, आता आपली गरज उरली नाही. शस्त्रक्रियेचा आग्रह धरताना तुमच्या पत्नी दुष्परिणामांची टक्केवारी मांडत नव्हत्या, त्या तुम्हाला गमावण्याला घाबरल्या होत्या. बोलायला सुरुवात निर्णयापासून करू नका, आजच्या त्रासापासून करा. "तू आग्रह केलास" असे म्हणण्याऐवजी "मला हा त्रास होतो आहे आणि तो दाखवायला तू बरोबर यावंस असं वाटतं" एवढे म्हणालात, तरी पुष्कळ झाले. दवाखान्यात माझ्या टेबलापलीकडे दोन खुर्च्या असतात. दुसरी खुर्ची भरलेली असते तेव्हा पंप किंवा इंजेक्शन कपाटात पडून राहण्याची शक्यता कमी असते, हा माझा अनुभव आहे.

रेडिएशन घेतले असते, तर रुखरुख राहिली नसती, असेही समजू नका. तिथले दुष्परिणाम उशिरा आणि हळूहळू उतरतात. गुदाशयातून रक्त जाणे, वारंवार शौचाची घाई होणे, ताठरता वर्षावर्षाने कमी होत जाणे या तक्रारी घेऊन येणारे पुरुष "ऑपरेशन केलं असतं तर?" असे विचारतात. हार्मोनची इंजेक्शने घेणाऱ्यांना अंगातून निघणाऱ्या गरम वाफा, थकवा आणि आटलेली इच्छा यांविषयी आधी कळलेले नसते, तेव्हा त्यांची खंत आणखी खोल असते.

आणखी एका बाबतीत मला तुम्हाला सावध करायचे आहे. रुखरुख मागच्या निर्णयाबद्दल असते, पण ती पुढचे निर्णय बिघडवू शकते. पीएसएची तपासणी टाळत राहणारे किंवा पुढे पीएसए वाढल्यावर "आता काहीच नको" म्हणून रेडिएशन नाकारणारे रुग्ण मी पाहिले आहेत. अशा वेळी रेडिएशन लवकर दिले, तर आजार पुन्हा आटोक्यात येण्याची संधी चांगली असते. ठरलेल्या तारखांना रक्ततपासणी करत राहा. आणि झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर मूत्रविकारतज्ज्ञाच्या पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान झालेल्या पुरुषांत आत्महत्येचा धोका वाढलेला असतो, म्हणून हे मी प्रत्येकाला विचारतो.

ज्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे, अशा वाचकांसाठी थोडेसे. ग्रंथीपुरत्याच मर्यादित असलेल्या बहुतेक आजारांत काही आठवडे विचार केल्याने नुकसान होत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याला आणि रेडिएशन देणाऱ्याला, दोघांनाही भेटा. "तुमच्या स्वतःच्या रुग्णांपैकी एका वर्षानंतर कितींना पॅड लागतात?" असे नेमके विचारा, आणि या प्रश्नाने जो डॉक्टर नाराज होईल, त्याच्याकडे निर्णय घेण्याची घाई करू नका.

तुम्ही मात्र पुढच्या भेटीपूर्वी सलग तीन दिवस किती पॅड लागले, ते किती भिजले आणि कोणत्या हालचालीने गळती झाली, हे एका वहीत लिहून ठेवा. बायोप्सीचा मूळ अहवाल आणि शस्त्रक्रियेचे टिपण बरोबर घ्या. पत्नीला घेऊन जा, आणि डॉक्टर "कसे आहात?" असे विचारतील तेव्हा पीएसएचा आकडा सांगण्याआधी ती वही त्यांच्यासमोर ठेवा.